हिरव्या बकेटीचा वास

माणसाच्या संस्कृतीचा इतिहास म्हणजे घाण घराबाहेर नेण्याचा इतिहास होय. हे वाक्य माझंच आहे. आमच्या भागात घरोघर कचऱ्याच्या बकेटी वाटल्या गेल्या, त्या समारंभात निवृत्त प्राध्यापक म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, तेव्हा मी ते बोललो. टाळ्या पडल्या. एका हातात हिरवी बकेट, दुसऱ्या हातात निळी आणि खांद्यावर शाल असा मी घरी आलो, तर बायको फाटकातच उभी. म्हणाली, "भाषण राहू द्या. मोरीजवळचा डबा परवापासून भरलाय, तेवढा बाहेर न्या आधी."

समारंभ मात्र थाटाचा झाला होता. बकेटींना हार घातले होते. हिरव्या बकेटीच्या झाकणाला फीत बांधली होती आणि कात्री तबकात होती. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, तिथंच एक केळं सोलून खाल्लं आणि साल बकेटीत टाकली. हा झाला ओला कचरा. सुक्या कचऱ्याचा विचार आधी कोणी केलेला नव्हता. मग पाहुण्यांच्याच पुष्पगुच्छावरचा प्लास्टिकचा कागद सोडवून निळ्या बकेटीत टाकण्यात आला. फोटो निघाले. त्या सालीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. समारंभ संपल्यावर मांडववाल्याने त्या दोन्ही बकेटी खुर्च्यांबरोबर टेम्पोत चढवल्या.

घरी बायकोने आमच्या बकेटी उलट्यासुलट्या करून पाहिल्या, बोटाने वाजवल्या, झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं. तिचं माहेर वालूरचं. तिथं बाजार मोठा, आणि वस्तू वाजवून घेतल्याशिवाय ती वस्तू आहे असंच कोणी मानत नाही.

"लय घट्ट हायत," ती म्हणाली. "मुंगी आत जायची न्हाई. यात कचरा टाकायचा?"

"त्याच्यावर तसं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याचं काय जातंय? त्याच्या ज्वारीला किडे व्हायलेत का?"

निळ्या बकेटीत ज्वारी गेली. हिरवी धुऊन, पुसून, माळ्यावर ठेवली गेली, कधी काही मोठं काम निघालं तर असावी म्हणून. हे आमच्याच घरी झालं असंही नाही. शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहतात. त्यांच्या हिरव्या बकेटीत तूरडाळ होती आणि निळीत गोधडी. गल्लीत एकही बकेट वाया गेली नाही. कचरा तेवढा होता तिथंच राहिला.

आमचा कचरा रंगाच्या जुन्या डब्यात असे. घराला रंग दिला तेव्हाचा तो डबा. कडेला गुलाबी ओघळ वाळलेले, आणि झाकण रंगारी घेऊन गेलेला. मागच्या अंगणात, मोरीच्या कडेला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्याची जागा. उन्हाळ्यात त्याचा त्रास नसे, कारण आमच्याकडच्या उन्हात कचराच काय, माणूसही वास सोडण्याच्या पलीकडे जातो. पावसाळ्यात मात्र मेथीच्या काड्या, चहाचा चोथा, उरलेलं वरण आणि दोडक्याच्या शिरा एकजीव होत आणि त्यातून असा एक वास उठे की त्यात नेमकं काय आहे हे सांगता येऊ नये. घंटागाडी यायची, पण तिची वेळ तिची तिलाच ठाऊक. तिला घंटा नाही, भोंगा आहे. भोंग्यावरचं गाणं ऐकून आपण चपला शोधेपर्यंत ते पुढच्या गल्लीत ऐकू येत असतं.

निवृत्तीनंतर या वासाचा बंदोबस्त माझ्याकडे आला. मी वाचून काम करणारा माणूस. आधी डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र घातलं. ते अग्रलेखासकट विरघळलं. मग कडुलिंबाचा पाला घातला, तेव्हा वास नुसताच घाण होता तो कडू आणि घाण झाला. कापराच्या वड्या टाकल्या, तर डब्यात कोणीतरी आरती करून गेल्यासारखं वाटू लागलं. मोबाइलवर एक बाई खाण्याचा सोडा भुरभुरायला सांगत होत्या. तोही भुरभुरला. त्यात नेमकी दोन लिंबं पिळून टाकलेली होती, पाऊस आला, आणि डबा फसफसून वर आला. शेवटी मी बाजारातून ऊद आणला आणि संध्याकाळी डब्याभोवती धूर फिरवला.

बायको खिडकीतून बघत होती. "ओवाळून झालं असंल तर त्याला नारळ बी फोडा," ती म्हणाली.

भिंतीपलीकडून कंडक्टरांचा आवाज आला. "सर, नुसती बदबू होती तवा बरं होतं हो. आता खुशबूदार बदबू यायलीय."

त्यांना बोलायचा अधिकार नव्हता. ते येलदरी धरणावरून मासा आणतात आणि त्याचे खवले भिंतीच्या कडेला धुतात. पण त्या श्रावणात त्यांचा मासाही बंद होता, त्यामुळे गल्लीतल्या वासाला आमचा डबा सोडून दुसरं कारण उरलं नव्हतं.

तो श्रावण अधिक होता. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. हा महिना दर तीनेक वर्षांनी येतो, आणि आमच्या मुलीच्या लग्नानंतर तो पहिल्यांदाच आला होता. जावई परभणीचे, नोकरीला पुण्यात, संगणकाच्या कंपनीत. धोंड्याच्या जेवणाला त्यांच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, परभणीहून येणार होत्या.

बायकोच्या दृष्टीने सगळा महिना त्या एका येण्यासाठी होता. लग्नात रुखवतावरचे अनारसे तिने घाईगर्दीत विकत आणले होते. विहीणबाईंनी त्यातला एक उचलला, मोडला, हुंगला, परत ताटात ठेवला आणि मंडपातल्या सगळ्या बायकांदेखत म्हणाल्या, "विकतचे का? बरं केलंत. हल्ली कोण एवढं करत बसतंय?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बायको विसरली असती. ते "बरं केलंत" तिला तेव्हापासून टोचत होतं. अनारसे घरचे, तिच्या हातचे, वर नीट जाळी पडलेले, आणि विहीणबाईंच्या ताटात, एवढंच तिला हवं होतं. त्या दिवशी वरणात मीठ पडलं नसतं तरी तिला चाललं असतं.

अनारसा हा पदार्थ कोणी शोधला असेल त्याला दुसरं काम नसावं. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत वाळवायचा, दळून चाळायचा, गुळात मळायचा, आणि तो गोळा काही दिवस मुरत ठेवायचा. एवढं करून शेवटी तुपात सोडल्यावर तो विरघळून पसरूही शकतो. त्याला अनारसा हसला असं म्हणतात. करणारीला तेव्हा हसू येत नाही.

बायकोने हिशेब फक्त जावयाचा केला नाही. विहीणबाईंबरोबर घरी द्यायचे, नणंदांना द्यायचे, वालूरला भावाकडे पाठवायचे, असं करत तांदूळ एवढा झाला की घरातलं कुठलंच पातेलं पुरेना. मग माळ्यावरून हिरवी बकेट उतरली. कधी निघेल म्हणून राखून ठेवलेलं मोठं काम निघालं होतं. तिने बकेट चिंचेने घासून धुतली, तांदूळ घातला, पाणी ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि ती मागच्या पडवीत, मोरीच्या दाराजवळ गारव्याला ठेवली. पुढच्या बाजूला 'ओला कचरा' अशी ठळक अक्षरं होती. ती भिंतीकडे करावीत असं कोणालाच वाटलं नाही, कारण आमच्या घरात ती अक्षरं वाचणारा मी एकटा होतो आणि मला बकेटीत काय आहे ते माहीत होतं.

पण घरात तेव्हा जावईही होते. कंपनीने घरून काम करायला सांगितलं होतं आणि घर कोणाचं याची चौकशी केलेली नव्हती, म्हणून मुलगी आणि ते जेवणाच्या बरेच आधी येऊन राहिले होते. मोठा गुणी मुलगा. दिवसभर पुढच्या खोलीत संगणकाशी इंग्रजी बोलायचा आणि मध्येच बाहेर येऊन "आई, काही मदत करू का?" असं विचारायचा. बायको त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नसे. "तुमी बसा, जावईबापू. तुमी नुसतं बसा." धोंड्याच्या महिन्यात जावयाने काम केलं हे परभणीपर्यंत गेलं असतं तर ते अनारशांपेक्षा जड झालं असतं. वास त्यांनाही येत असणार. पहिल्या दिवशी मागच्या अंगणात हात धुवायला गेले तेव्हा ते परत येताना तोंडाने श्वास घेत होते.

तांदूळ भिजवल्याच्या दुसऱ्या दिवशी बायको सकाळच्या गाडीने वालूरला भावाकडे गेली. जाताना मुलीला म्हणाली, "तांदळाचं पाणी बदल गं." मुलगी हो म्हणाली, आणि तिचीही कसली तरी मीटिंग सुरू झाली. संध्याकाळी बायकोने दारातूनच विचारलं, "बदललंस का पाणी?" मुलीने मान हलवली. कानात यंत्र होतं, आणि ती मान यंत्रातल्या साहेबासाठी होती. बायको निश्चिंत झाली. हवेत दमट उकाडा होता, झाकण मुंगीही जाणार नाही असं घट्ट होतं, आणि आत कालच्या पाण्यातला तांदूळ आपलं काम करत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको देवपूजेला बसली होती, मुलगी न्हाणीत होती आणि मी पुढे ओट्यावर पेपर वाचत होतो. भोंग्याचं गाणं ऐकू आलं. मी सवयीने चपला शोधू लागलो. एवढ्यात घरातून जावई आले. दोन्ही हातांत हिरवी बकेट, मान एका बाजूला वळवलेली, चेहरा ताठ.

मला आधी काही सुचलंच नाही. मग जे सुचलं ते असं होतं: हा आजचा तरुण बघा. एवढा शिकलेला, एवढ्या पगाराचा, आणि सासुरवाडीचा कचरा स्वतःच्या हातांनी नेतो आहे. माझ्या त्या भाषणातल्या वाक्याला एवढं चांगलं उदाहरण तेव्हा मिळालं असतं तर, असंही मनात येऊन गेलं. बकेटीत काय आहे हे मला माहीत होतं, पण जे माहीत असतं ते वेळेवर आठवेलच असं नाही. मी उठलो आणि जावयांसाठी फाटक उघडून धरलं.

गाडीवरच्या माणसाने बकेट हातात घेतली, झाकण उघडलं, आत पाहिलं आणि जावयांना म्हणाला, "असं येगळं करून आणून देणारे या गल्लीत तुमीच पयले, साहेब. बाकीचे समदं एकातच कालवायलेत."

जावई खूश झाले. बकेट रिकामी करून त्यांनी ती अंगणातल्या नळाखाली धुतली, त्यात फिनेल फिरवलं आणि उन्हाच्या तिरिपेत पालथी घातली.

थोड्या वेळाने बायको पूजा आटोपून, हातात वेताची टोपली आणि वाळवणाचं धोतर घेऊन पडवीत गेली. मग तिचा आवाज आला.

"अहो, बकेट कुठंय?"

"अंगणात आहे," जावयांनीच उत्साहाने सांगितलं. "आई, मी टाकला कचरा. फार आंबला होता. पुण्याला आमच्या सोसायटीत ओला कचरा दोन दिवस ठेवला तर ग्रुपवर फोटो टाकतात."

बायको पालथ्या बकेटीकडे पाहत राहिली. तिचा चेहरा मी चाळीसेक वर्षं पाहतो आहे, पण त्या वेळी त्यावर काय चाललं होतं ते मला वाचता आलं नाही. शेवटी ती हसली. जावयाला हसून दाखवावं तशी हसली.

"बरं केलंत," ती म्हणाली.

म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की हे शब्द कोणाचे. ती तडक आत गेली. मी मागोमाग गेलो.

"तुमी काय करायलते तवा?" तिने आवाज दाबून विचारलं.

"मी फाटक उघडलं."

"फाटक उघडलं?"

"त्यांचे दोन्ही हात गुंतले होते."

तिने हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "जावयाला कळू द्यायचं न्हाई. स्वतःचं वाण स्वतः घंटागाडीत टाकलं म्हणून जन्मभर मनाला लागंल त्यांच्या." पण न्हाणीतून आलेल्या मुलीने केस पुसता पुसता "आई, आज तांदूळ उपसायचा ना?" असं मोठ्याने विचारलं, आणि पुढच्या खोलीतलं इंग्रजी एकदम बंद पडलं.

जावई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "आई, मी परभणीहून अनारसे मागवतो. चांगलं दुकान आहे. आजच्या आज येतील."

"विकतचे?" बायको म्हणाली. "तुमच्या आईला बसल्या जागेवरून कळंल."

"हो," जावई म्हणाले. "ते खरंय."

तांदूळ पुन्हा भिजला. या वेळी कमी, आणि दोन पातेल्यांत. हिरव्या बकेटीचं नाव काढताच बायको म्हणाली, "ती आता खायच्या कामाची राहिली न्हाई. घंटागाडीच्या तोंडाला लागलेली बकेट मी सैपाकघरात घेऊ व्हय? तुमचा कचरा टाका तिच्यात." अशा रीतीने भाषणं, फीत आणि ठळक अक्षरं यांना जे जमलं नव्हतं ते झालं, आणि आमच्या घरात ओला कचरा हिरव्या बकेटीत पडू लागला. रंगाचा डबा जावयांनी हट्टाने भंगारात दिला. प्रायश्चित्त म्हणून ते रोज बकेटीत कचऱ्यावर चुलीची राख टाकायचे, आणि ती राख आणायला कंडक्टरांच्या घरी जायचे, कारण त्यांच्याकडे पाणी अजून चुलीवर तापतं. दोन दिवसांत वास नाहीसा झाला. मी कडुलिंब, कापूर, सोडा आणि ऊद एवढं करून पाहिलं होतं. डब्याला झाकण नव्हतं, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

इकडे दुसऱ्या तांदळाकडे सगळ्या घराचं लक्ष होतं. बायको सकाळी पाणी बदलायची. मुलगी अपराधी वाटून दुपारी बदलायची. जावयांनी फोनवर गजर लावला होता, तो वाजला की ते कोणाला न सांगता जाऊन बदलायचे. मीही एकदोनदा बदललं. त्या तांदळाला तीन दिवस आंबायला उसंतच मिळाली नाही. तो उपसला तेव्हा त्याला कसलाही वास नव्हता. आम्हा तिघांना समाधान वाटलं. बायकोने मूठभर तांदूळ नाकाशी नेला, पुन्हा नेला, आणि तसाच धोतरावर पसरला. पण आता तिसऱ्यांदा भिजवायला दिवस उरले नव्हते.

ठरल्या दिवशी विहीणबाई आल्या. मागच्या अंगणात पाय धुवायला गेल्या, तिथं काही क्षण थांबल्या, आणि "अंगण छान ठेवलंय हं," म्हणाल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचा जीव आत ताटात अडकलेला होता.

पंगत बसली. धोंडे झाले, तूप झालं. शेवटी अनारसे आले. रंग चांगला होता, खसखस सारखी लागलेली होती. विहीणबाईंनी एक उचलला. तो खिडकीच्या उजेडात धरला. मोडला. हुंगला.

"घरचेच आहेत," त्या म्हणाल्या.

बायकोने श्वास सोडला.

"पण जाळी नाही पडली. तांदूळ आंबला नाही वाटतं पुरता." त्यांनी तो ताटात ठेवला. "आंबट वास सुटल्याशिवाय अनारशाचा तांदूळ उपसायचा नसतो, ताई. घरभर वास सुटला पाहिजे, लोकांनी नाक धरलं पाहिजे, तेव्हा जाळी पडते. असू द्या. पुढच्या अधिकात होईल नीट."

बायकोच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. नाक धरायला लावणारा तांदूळ कुठं गेला हे त्या खोलीत चौघांना माहीत होतं आणि चौघंही खाली बघत होते.

तेवढ्यात जावयांनी हात पुढे केला. "मला असेच आवडतात," ते म्हणाले, आणि एक अनारसा खाल्ला. मग दुसरा घेतला. "जाळीचे तूप धरतात. हे हलके झालेत. आई, अजून वाढा." बायकोने वाढले. त्यांनी तेही खाल्ले. त्यांच्या आई ताटावरून नजर उचलून मुलाकडे बघत राहिल्या. तोंडाशी काहीतरी आलं होतं त्यांच्या, पण ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं, आणि आपल्या ताटातला मोडलेला अनारसा उचलून सावकाश संपवला. बायकोचा चेहरा असा खुलला की मला आमच्या लग्नातला तिचा चेहरा आठवला. जाताना विहीणबाईंच्या पिशवीत तिने अनारशांचा डबा स्वतःच्या हाताने ठेवला, आणि त्यांनी तो कुरकुर न करता नेला.

जावयाने स्वतःच्या आईदेखत आपली बाजू घेतली, हे बायको त्यानंतर आलेल्या-गेलेल्याला सांगत होती. दिवाळीत तिने पुन्हा तांदूळ भिजवला. तीन दिवस घरात उभं राहवेना, आणि अनारशांना अशी जाळी पडली की पलीकडचं दिसावं. तिने डबा भरून पुण्याला पाठवला आणि फोन केला, कसे झाले म्हणून. फोन मुलीने घेतला. ती म्हणाली, अनारसे उत्तम झाले होते आणि शेजाऱ्यांना फार आवडले. जावयांना अनारसे लहानपणापासून आवडत नाहीत. गुळाच्या वासाने त्यांना मळमळतं, आणि हे त्यांच्या आईला माहीत आहे.